पुढच्या चाकाची थरथर

हेडविका धावपट्टीच्या कडेला गुडघ्यांवर बसून दगडांना चुना लावत होती, आणि वेंडेलीनला हँगरच्या दारातून ते दिसत होतं. न बघायचं ठरवलं तरी दिसत होतं. सपाट मुलखातलं गवताचं मैदान, पलीकडे जवाचं शेत आणि मध्ये पिवळा रुमाल बांधलेली ही एकटी बाई. नजर दुसरीकडे जाणार तरी कुठे?

या मैदानाचा हा जुना रिवाज. उतरताना ज्याने विमान आपटलं किंवा वाकडंतिकडं नेलं, त्याने पुढच्या रविवारच्या आत कडेचे सगळे दगड पांढरे करून द्यायचे. कुणी रागावत नाही, कुणी बोल लावत नाही. चुन्याची बादली तेवढी त्याच्या विमानाच्या पंखाखाली आणून ठेवतात. रविवारी ती बादली खुद्द चेनेकने उचलून आणली होती. चेनेक म्हणजे मैदानाचा प्रमुख. पोट सुटलेलं, आवाज मोठा, आणि चेष्टा करायला कुणी मिळालं नाही तर जेवण न पचणारा.

"काय गं हेडा, उतरत होतीस की बटाटे किसत होतीस?"

बाकावरचे सगळे हसले. हेडविकाही हसली. "किसलेच की! थांब, धिरडी करून आणते तुला," ती म्हणाली. पण बादलीची कडी धरताना तिने आपल्या हाताकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ते फक्त वेंडेलीनच्या लक्षात आलं.

घडलं होतं ते असं. मागची दोन चाकं अलगद टेकली. मग नाक खाली आलं, पुढचं चाक गवताला लागलं, आणि अख्खं विमान हाडं खिळखिळी व्हावीत तसं थरथरायला लागलं. समोरच्या तबकड्यांवरचे आकडे तिला दिसेनात. तिने ब्रेक दाबला, विमान एका बाजूला ओढलं गेलं आणि जवाच्या बांधाला नाक लावून आडवं उभं राहिलं. बघणाऱ्यांना वाटलं, बाईचा हात चुकला.

हात चुकला नव्हता. आणि अख्ख्या मैदानावर हे एकट्या वेंडेलीनला ठाऊक होतं.

वेंडेलीन पूर्वी शाळेत मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवायचा. निवृत्तीनंतरही शनिवारी गावातली मुलं त्याच्याकडे लाकडी विमानं करायला येत. म्हणून मैदानावर लहानथोर सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने आणि हेडविकाने मिळून हे दोन माणसांचं छोटं विमान त्याच्या कोठारात घरी बांधलं होतं, आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'चतुर'. कामं वाटून घेतली होती. इंजिन आणि तारा हेडविकाच्या, पाय आणि चाकं वेंडेलीनची. एकाने दुसऱ्याच्या भागाला न विचारता पाना लावायचा नाही, असा शब्द दिलेला. हेडविकाचं सगळं आयुष्य औषधांच्या दुकानात तराजूपुढे गेलेलं. शब्द आणि माप, दोन्ही ती पाळायची.

चतुरचं पुढचं चाक कसं होतं, ते नीट कळायला हवं. दुकानात सामान घालून ढकलायची गाडी असते ना, तिची पुढची चाकं आठवा. आपण वळवू तिकडे ती आपोआप फिरतात. पण त्यातलं एखादं सैल झालेलं असलं आणि आपण गाडी जोरात ढकलली, की ते चाक वेड लागल्यासारखं डावं-उजवं, डावं-उजवं फडफडायला लागतं. विमानाच्या पुढच्या चाकाचंही तसंच. ते एका चिमट्यात बसवलेलं असतं आणि चिमटा खुंटीवर फिरतो. तो फार सहज फिरू नये, जरा अडून अडून फिरावा, म्हणून वर एक नट आवळलेला असतो. नट बरोबर आवळलेला असला तर चाक शहाण्यासारखं सरळ धावतं. सैल झाला तर फडफडतं. एवढीच गोष्ट.

तो नट वेंडेलीनने सैल केला होता.

हिवाळ्यात बर्फावर पाय घसरून तो उजव्या खांद्यावर पडला होता. तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. शरद ऋतूत वैमानिकांची डॉक्टरी तपासणी असते, आणि असा खांदा दिसला तर त्याला विमान चालवू देणार नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी तो एकटाच चतुरला ढकलून आत ठेवत होता. नाक वळवायला जोर लावला आणि खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तो थोडा वेळ चाकाशी बसून राहिला. मग त्याने नटावरची रबरी टोपी काढली, नट जागचा हलू नये म्हणून घातलेली पिन ओढली, नट दोन खाचा सैल केला आणि पिन परत बसवली. विमान कोकरासारखं वळलं. शनिवारी परत आवळू, असं तो स्वतःशी म्हणाला. शनिवारी मुलं पंख मोडलेलं विमान घेऊन आली, त्यांचे चेहरे रडवेले झालेले, आणि त्या गडबडीत नट डोक्यातून गेला.

रविवारी तो मैदानावर येऊन बाकावर बसला तेव्हा हेडविका उतरतच होती. त्याला आठवलं, आणि तो बाकावरून अर्धा उठला. तोवर मागची चाकं टेकली होती.

नंतर बोलायला जागा नव्हती असं नाही. चेनेक बादली घेऊन निघाला तेव्हा होती. पण आता बोलतो म्हणेपर्यंत सगळे हसले, आणि हसू ओसरल्यावर बोलणं आणखी जड झालं. त्यानंतर रोजच ते जड होत गेलं.

हेडविका अर्धे दगड संपवून हँगरमध्ये आली. बोटांवर चुना वाळला होता.

"वेंडा, सापडलं काही?"

"बघतोय."

चतुरची शेपटी दोराने खाली ओढून खुंटीला बांधली होती, त्यामुळे नाक हवेत होतं. हेडविका पंखाला टेकून उभी राहिली. "तू तुझ्या पोरांना काय शिकवतोस रे? काही बिघडलं की पहिला प्रश्न कुठला?"

वेंडेलीनने चाकाच्या आसावरचा मळ पुसायला घेतला. तिथे मळ नव्हता. "शेवटी काय बदललं."

"मग? शेवटी काय बदललं आपण?"

"काही नाही."

हे दोन शब्द त्याने अगदी सहज उच्चारले. मुलांना तो सांगायचा की खोटं बोलताना जीभ अडखळते. त्याची जीभ अडखळली नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

"आणि चिमट्याचा नट?"

"तो माझा आहे. बघितलाय मी."

तिने मान डोलावली. परत विचारलं नाही. त्याचा भाग, त्याने बघितला, विषय संपला. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मग दोघांनी मिळून जिथे दोष नव्हता अशा सगळ्या जागा तपासल्या. टायरची हवा मोजली, बरोबर निघाली. चाक उतरवून बेअरिंग बोटाने फिरवून पाहिलं. कुठे खरखर नव्हती, लोण्यासारखं फिरत होतं. चाकाचा तोल हेडविकाने स्वतः पाहिला. चाक आडव्या सळईवर अडकवून हलकेच फिरवलं आणि ते कुठे थांबतं त्यावर खडूने खूण केली. एक बाजू जड असेल तर चाक दर वेळी तीच बाजू खाली घेऊन थांबतं. हे चाक दर वेळी वेगळ्याच जागी थांबलं. खडूच्या खुणा सगळीकडे पसरल्या.

"तोल सोन्यासारखा आहे," ती म्हणाली आणि उगाच आणखी एकदा चाक फिरवून पाहिलं.

वेंडेलीन शेजारी उभा राहून "हं", "बरोबर", "आता ते बघू" असं म्हणत होता. एवढ्या वर्षांत शेकडो मुलांना त्याने शोधायला शिकवलं होतं. आज तो न शोधायचं कसं ते करून दाखवत होता.

दुपारी ती सायकल काढून खायला आणायला गेली. सायकल रस्त्यावरच्या झाडांमागे दिसेनाशी झाली तसा तो उठला. आसाला ताणकाटा अडकवला. हा काटा त्याच्या घरी नाताळात कार्प मासा तोलायला वापरत. त्याच्या हुकाला माशाच्या खवल्यांचा वास अजून होता. काटा ओढला तर चिमटा लगेच फिरला, मांजराच्या शेपटीसारखा. त्याने टोपी काढली, पिन ओढली, नट दोन खाचा आवळला आणि परत काटा ओढून पाहिला. आता चिमटा अडला, आणि बराच जोर लावल्यावरच नाइलाजाने हलला. हवा होता तसा. एकदा वाकवलेली पिन परत वापरायची नसते, म्हणून त्याने डब्यातून नवी पिन घेऊन घातली. टोपी बसवली, चाक चढवलं. झालं. चाक आता थरथरणार नाही. हेडा निर्धास्त उडेल. मग बोलायची गरज काय?

त्याला खरोखर हलकं वाटलं. ती खसखशीच्या सारणाचे पाव घेऊन परत येईपर्यंत तो शीळ वाजवत होता.

"चल, पळवून बघू," तो म्हणाला. "उडायचं नाही, नुसतं जमिनीवर."

आत तोच बसला. चतुर गवतावरून आधी हळू आणि मग जोरात धावलं. रविवारी जिथे थरथर सुरू झाली होती ती जागा मागे पडली. पुढचं चाक शहाण्यासारखं सरळ. तो वळून आला आणि वरचं झाकण उघडून म्हणाला, "बघ! काही नाही. टायरचा तोलच असणार, चाक काढलं-घातलं त्यात जमून गेलं."

हेडविका पाव हातात घेऊन उभी होती. तिने तो खाल्ला नव्हता.

"तोल मी पाहिला होता, वेंडा. तोल चांगला होता."

"मग हवा..."

"हवाही बरोबर होती." ती गवतात बसली. "आपण काही बदललं नाही. तू चालवलंस तर थरथरत नाही, मी चालवलं तर थरथरतं. म्हणजे राहिलं काय? मी."

"अगं, असं कसं म्हणतेस..."

"थांब, मला बोलू दे. बाबा माझ्या वयाचे असताना त्यांच्या हातांना कंप सुरू झाला. सूप पिताना चमचा ताटलीवर वाजायचा. आई मोठ्याने बोलत राहायची, म्हणजे तो आवाज आम्हाला ऐकू येऊ नये. रविवारपासून मी रोज पेला काठोकाठ भरून हातात धरते आणि पाणी हलतंय का बघत बसते. कधी वाटतं हलतंय, कधी वाटतं नाही. मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पण मला कळायचं ते कळलंय. माझी जागा तू चेनेकच्या पुतण्याला दे. पोरगा चांगला आहे, हलक्या हाताचा आहे."

आणि पाव बाजूला ठेवून तिने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. एखादं औषध तराजूत घालून काटा स्थिर व्हायची वाट बघावी, तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली.

वेंडेलीन विमानातच बसून होता. चाक दुरुस्त झालं होतं, आणि त्यामुळेच हे सगळं आणखी बिघडलं होतं. रविवारी तो गप्प राहिला तेव्हा तिच्या माथी एक बादली चुना आला होता. आज त्याने गुपचूप नट आवळला, आणि तिच्या माथी तिच्या बापाचा आजार आला.

तो उतरला. पाना घेऊन चाकापाशी बसला आणि तिच्या देखत रबरी टोपी काढली.

"काय करतोयस?"

"तू बघ फक्त."

ती जवळ आली. तिची नजर पिनेवर गेली आणि तिथेच थांबली. "ही पिन नवी कशी?"

"मघाशी घातली. तू खायला आणायला गेलीस तेव्हा." त्याने पाना खाली ठेवला. "हेडा, नट सैल होता. गुरुवारी एकटाच विमान आत ढकलत होतो, तेव्हा मीच केला होता. शनिवारी आवळायचा विसरलो. तू उतरताना मला आठवलं. मघाशी तू विचारलंस तेव्हाही आठवत होतं."

तिने त्या पिनेला बोट लावून पाहिलं. वरून एक चंडोल गात गेला. मग ती म्हणाली, "सैल कर."

"काय?"

"होता तेवढा सैल कर. आणि पळव. मला बघायचंय."

त्याने नट दोन खाचा सैल केला, त्या जागी पिन घातली आणि चतुर परत पट्टीवर नेलं. मघाच्याच जागेपाशी चाक फडफडायला लागलं. दात एकमेकांवर आपटले, आकडे पुसल्यासारखे झाले. त्याने इंजिन मंद केलं आणि तशा थरथरत्या विमानात विमान थांबेपर्यंत बसून राहिला. रविवारी ती याच्यात एकटी होती.

गवत कापायच्या यंत्रावरून चेनेक उडी मारून धावत आला. "अरे मास्तर! तूपण बटाटे किसायला लागलास?"

वेंडेलीनने झाकण उघडलं. "रविवारचेही मीच किसले होते. चाकाचा नट मी सैल ठेवला होता. हेडाची काही चूक नव्हती."

चेनेकने चेष्टा केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असावं. तो म्हणाला, "पण का?"

"तेच मला विचारायचंय," हेडविका मागून चालत आली होती. तिने वेंडेलीनला नीट न्याहाळलं. नट सैल केला, एकट्याने ढकलताना, गुरुवारी. दुकानात चिठ्ठीवरची औषधं वाचून माणसाचा आजार ओळखायची तिची सवय गेली नव्हती. "हात वर कर."

त्याने डावा हात वर केला.

"दुसरा."

उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्याने दात आवळून तो आणखी चार बोटं वर नेला, आणि मग तो आपोआप खाली पडला.

"अरे देवा," चेनेक म्हणाला. "मास्तर, तपासणीत तुला..."

"माहीत आहे."

"कधीपासून?" हेडविकाने विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"आणि मी हिवाळ्यापासून तुझ्या शेजारी बसून उडतेय." ती एकदम चिडली. पण आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "नटाचं काही नाही रे, वेंडा. नट मीही विसरले असते. पण मी तुला विचारलं होतं. अगदी समोर उभी राहून, तुझाच प्रश्न तुला विचारला होता. आणि तू म्हणालास, काही नाही."

वेंडेलीनला माफी मागायची होती. वाक्य तयारही होतं. पण ते तिच्या त्या भरलेल्या पेल्यापुढे इतकं लहान वाटलं की त्याने ते गिळून टाकलं. "हो," तो एवढंच म्हणाला. "म्हणालो."

तो उतरल्यावर हेडविकाने त्याच्या खिशातला पाना काढून घेतला. "पुढचा पाय आता माझा. काटा कुठे आहे?"

"मोठ्या डब्यात."

तिघांनी चतुर हँगरमध्ये नेलं आणि दोर बांधून शेपटी परत खाली ओढली. नट तिने स्वतः आवळला, ताणकाटा अडकवून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ओढून पाहिला, आकडा मोठ्याने वाचला आणि नाक मुरडलं. "माशाचा वास येतोय याला." वेंडेलीनला हसावंसं वाटलं, पण हसण्याचा हक्क आपला नाही असं समजून त्याने काटा पुसून डब्यात ठेवला. तिने नवी पिन घालून तिची टोकं वाकवली, टोपी बसवली आणि जुनी पिन खिशात टाकली. मग रुमाल घट्ट बांधून विमानात चढली. त्याच्याकडे पाहिलंही नाही.

चतुर वर गेलं. वेंडेलीन धावपट्टीच्या कडेला गेला. बादली तिथेच होती, चुन्यावर साय धरली होती. त्याने ती ढवळली आणि गुडघ्यांवर बसून डाव्या हाताने पहिल्या दगडापासून सुरुवात केली. पहिला दगड तिने आधीच पांढरा केला होता, दुसराही. त्याने त्यांच्यावरच परत चुना चढवला. हे सगळे आपण एकट्याने करायला हवे होते, असं त्याला वाटत होतं.

काम करताना त्याचे कान आकाशाकडे होते. इंजिनाचा आवाज मंद झाला. पंखांची सावली गवतावरून सरकत आली. मागची चाकं टेकली. नाक बराच वेळ वर राहिलं, मग हळूहळू खाली आलं, आणि पुढचं चाक गवताला लागलं तेव्हा फक्त गवताचा आवाज झाला. चुन्याने भरलेला ब्रश हातात धरून तो कितीतरी वेळ तसाच बसला होता, ते त्याला ब्रशचे थेंब पायावर पडल्यावर कळलं.

विमान त्याच्यापाशी येऊन थांबलं. पंखा फिरायचा थांबला. हेडविकाने झाकण उघडलं आणि उजवा हात बाहेर काढून बोटं पसरून धरली. ती एकटीच बघत होती हाताकडे, त्याला दाखवत नव्हती. हात स्थिर होता.

"मंगळवारी डॉक्टरांकडची वेळ मी मोडणार नाही," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नाव तेवढं बदलून घेते. सकाळी तयार राहा, मी गाडी घेऊन येते. खांदा दाखवायचा. आणि तिथे 'काही नाही' म्हणालास तर माझ्याशी गाठ आहे."

"ते मला उडू देणार नाहीत, हेडा."

"नाही देणार." तिने ते गोड करायचा प्रयत्न केला नाही.

ती उतरली, आणि चतुरला नाक धरून हँगरकडे वळवायला लागली. नट चांगला आवळलेला होता, त्यामुळे जोर लागत होता. तो उठायला गेला, तर तिने हातानेच त्याला बस म्हणून सांगितलं आणि चेनेकला हाक मारली. जाता जाता तिची नजर दगडांवर गेली.

"मी लावलेल्यांवर कशाला परत लावतोयस? ते नीट झालेत. पलीकडून लाव."

वेंडेलीनने बादली उचलली, आणि तिचे सगळे दगड ओलांडून, जिथे चुना लागायचा राहिला होता तिथे जाऊन बसला.